परवडणे

रविवारी साडेचारला वैजूचा फोन येतो, डब्लिनहून.
तिच्याकडे तेव्हा अकरा. अजून गाऊनमध्येच असते,
फोन साखरेच्या डब्याला टेकवून भांडी घासते.
पहिला प्रश्न : कोथिंबीर कशी दिली?
तब्येतीचं नंतर.

मी सांगते, वीसला जुडी, तीही माना टाकलेली.
ती सांगते, दोन युरोला कुंडी, प्लास्टिकच्या पिशवीतली,
चार दिवसांत मरते
पण मरेपर्यंत सरळ उभी असते.
मग दोघी गप्प.
दोघींना आठवतो मुलुंड मार्केटमधला बबन,
वांगी तोलून झाली की न मागता
चार काड्या पिशवीत खोचणारा.
तेव्हा कोथिंबिरीला भाव नव्हता.
भाव नव्हता, किंमत होती, वैजू म्हणते,
आणि पातेल्याचा तळ खरवडत राहते.

दर दोन वर्षांनी ती येते ते दातांसाठी.
डॉक्टर गद्रे तिच्या दाढेवर टोपी बसवतात,
बिल बघून ती हसते. त्याच खुर्चीत
मागच्या वर्षी आकडा ऐकून मी म्हटलं,
नको ते रूट कॅनॉल, काढूनच टाका.
जीभ अजून तिथे जाऊन बघून येते,
बिल्डर रिकाम्या प्लॉटकडे बघतो तशी.

पण हा चौथा मजला माझा आहे.
दादांनी पीएफ मोडून घेतलेला, एक लाख चाळीस हजारांत.
आजचा भाव सोसायटीच्या सभेत कुणी मोठ्याने म्हटला
की मी मागे वळून बघते,
कुणाबद्दल बोलतायत म्हणून.
श्रीमंत आहे मी. फक्त सुट्टे नाहीत.

आणि वैजू, माझ्या पाचपट पगाराची,
सेहेचाळिसाव्या वर्षी दोन ब्राझिलियन मुलींबरोबर
घर वाटून राहते. फ्रिजमध्ये तिचा एक कप्पा,
कप्प्यावर नावाची चिठ्ठी.

अंथरूण पाहून पाय पसरा, दादा म्हणायचे.
दादा, अंथरूण इथे आहे,
पाय तिकडे गेलेत.

सुगंधा कढई घासता घासता सगळं ऐकते.
मध्येच विचारते, ताईंचा युरो कितीवर गेला?
आणि आम्ही शोधायच्या आत
रियालचा आजचा भाव सांगते, पैशांसकट.
तिचा दिगंबर मस्कतला फोर्कलिफ्ट चालवतो.
वांगणीला खोली-किचन बुक केलंय त्यांनी, आठवा मजला.
"तुमच्यापेक्षा चार मजले वर. पण लिफ्ट आहे."
मग नळ बंद करून, पदराला हात पुसत,
"पुढच्या महिन्यापासून तीनशे वाढवा, बाई.
नाहीतर तिकडून यायला परवडायचं नाही."

चमत्कारिक क्रियापद आहे हे.
मी खाते, मी जाते, मी देते, सगळं होतं,
पण मी परवडते असं कुणी म्हणत नाही.
मला परवडतं. कर्ता ती वस्तू,
मी नुसती चतुर्थी, दाराशी उभी.
शाळेत तेवीस वर्षं व्याकरण शिकवलं, म्हणून सुचलं,
म्हणून मोठ्याने बोलले.

"म्हणतात की," फोनमधून वैजू म्हणाली.
"लॅबमध्ये तिथल्या पोरींपेक्षा मी परवडते.
म्हणून तर आणलं मला."

सुगंधा काही बोलली नाही.
कढई पालथी घातली, ओटा पुसला,
पुसलेला ओटा परत पुसला.

ती निघाली तेव्हा मी वीसच्या जुडीतल्या
चार काड्या तिच्या पिशवीत खोचल्या.
तीनशेबद्दल अजून काही बोलले नव्हते.
तिने त्या बाहेर काढून उजेडात धरल्या.
"माना टाकल्यात," म्हणाली,
आणि ठेवून घेतल्या.